चुकलेला बार

दोन दिवसांत कोडगू बघून होतं, असं चोंदम्माच्या व्याह्यांना बंगळूरात कुणीतरी सांगितलं होतं. नरसिंहमूर्ती वीज मंडळातून निवृत्त झालेले इंजिनियर. त्यांनी त्या दोन दिवसांचे तास पाडूनच आणले होते. धबधब्याला पाऊण तास, हत्तींना दीड तास, तलकावेरीला अर्धा दिवस. देवीला अर्धा दिवस दिल्याचं त्यांनी अशा काही थाटात सांगितलं, की कावेरीनं त्यांचे आभारच मानायला हवे होते.

पाहुण्यांना तोंडावर बोलायचं नाही एवढा एक नियम चोंदम्मा पाळत असे. बाकी कुणाला सोडत नसे. सत्तरी गाठलेली बाई. नवरा सुभेदार होता, तो जाऊन बरीच वर्षं झालेली. कॉफीच्या मळ्यात एकटी राहायची. मळा लहानच, ओढ्यापासून वरच्या टेकाडापर्यंत; पण त्यातल्या प्रत्येक सिल्व्हर ओकवर चढलेला मिरीचा वेल तिनं स्वतः लावलेला होता, आणि खळ्यावर वाळत घातलेल्या कॉफीत एखादा दाणा बुरसलेला सापडला तर ती दिवसभर कुणाशी धड बोलत नसे. चोंदम्माच्या नाकावर बसायचं तर माशीनं आधी परवानगी काढावी, असं गावात म्हणायचे. अर्थात तिच्या माघारी.

तिचा मुलगा पूवण्णा बायकोला आणि सासूसासऱ्यांना घेऊन शुक्रवारी संध्याकाळी आला. शनिवारी भल्या पहाटे सगळे सहलीला निघाले, आणि नको नको म्हणत असताना चोंदम्मालाही गाडीत घातलं. मग मात्र ती निऱ्या पाठीमागे खोचलेली आपली रेशमी साडी नेसून, ताठ मानेनं पुढच्या सीटवर बसली. रस्त्यात ओळखीचा दिसला की ती मान किंचित हलवायची. गाडी जणू तिची होती आणि मागे बसलेले तिचे कारकून.

मडिकेरीला राजा सीटच्या कठड्यापाशी पोहोचले तर समोर सगळं धुकं.

"विहीणबाई, इथून काय दिसतं?" मूर्तींनी घड्याळ बघत विचारलं.

"सगळं दिसतं. धुकं गेलं की."

"कधी जातं?"

"त्याला वाटेल तेव्हा."

मूर्तींनी पंचवीस मिनिटं ठरवली होती. पंचवीस मिनिटं त्यांनी धुक्याचे फोटो काढले, आणि गाडी निघाल्यावर वळणावरून मागे पाहिलं तर खालची सगळी दरी उन्हात न्हाऊन निघालेली. चोंदम्मा समोर बघत राहिली. तिला फार बरं वाटलं. दुबारेला हत्तींच्या अंघोळीत तिची विहीण ललिताम्मा नखशिखांत भिजली आणि लहान मुलीसारखी हसली, तेव्हा चोंदम्माला ती पहिल्यांदाच आवडली. पण येताना बाजारात व्याह्यांनी एका दुकानातून रंगीत पाकिटातली कॉफी विकत घेतली, आणि तिथं मात्र चोंदम्माचा नियम मोडला.

"माझ्या खळ्यावर पोत्यांनी कॉफी वाळतेय, आणि माझे व्याही बाजारातून पाकीट घेऊन माझ्या घरी येणार? मला गावातून तोंड लपवून जायला लावता?"

"अहो, आठवण म्हणून घेतली."

"आठवण पाहिजे तर माझी ठेवा. पाकीट परत करा."

पूवण्णानं गाडीतून उतरून पाकीट परत केलं. आईच्या या स्वभावाचा त्याला लहानपणी अभिमान वाटायचा. अलीकडे भीती वाटायची.

कारण ही सहल नुसती सहल नव्हती, आणि गाडीतल्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं. सोमवारी सकाळी परत निघताना चोंदम्माला बरोबर न्यायचं होतं. कायमचं. बंगळूरात तिच्यासाठी खोली तयार होती, खिडकीत तुळस ठेवलेली होती.

झालं होतं असं, की गेल्या पावसाळ्यात ती गोठ्यात घसरून पडली. बाहेर धो धो पाऊस, त्यामुळे मजूर आलेले नाहीत. सकाळपासून दुपारपर्यंत ती शेणामुतात पडून होती, आणि शेवटी गाईच्या दाव्याला धरून कशीबशी उठली. हे तिनं कुणालाही सांगितलं नाही. पूवण्णाला ते विराजपेटच्या डॉक्टरकडून कळलं, आणि तो त्याच रात्री गाडी चालवत आला. भांडला नाही, ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "अव्वा, उद्या काही झालं तर कोण येणार?"

आसपासची निम्मी घरं कुलपं लावलेली. मुलं बंगळूर, म्हैसूर, दुबईला, आणि उरलेल्या घरांत तिच्याच वयाची माणसं. सगळ्यात जवळचं घर ओढ्यापलीकडच्या माचय्याचं. त्याच्याशी तिचं बोलणं बंद होतं. शेवटी ती पोरापुढे हो म्हणाली. मात्र गावात कुणाला कळू दिलं नाही. सांगायचं म्हणजे मला एकटीला जमत नाही असं सांगायचं, आणि ते वाक्य तिच्या तोंडातून निघणं शक्य नव्हतं. सोमवारी अंधारात निघून जायचं, मग कळेल ज्याला कळायचं त्याला, असं तिनं मनाशी ठरवलं होतं. गाईला मात्र तिनं सांगितलं होतं, आणि सांगताना रडलीही होती.

रविवारची दुपार आली ती जेवणाच्या सुस्तीत. व्याह्यांसाठी वेगळ्या भांड्यात शाकाहारी स्वयंपाक झाला होता. चुलीवरच्या मोठ्या पातेल्यात रात्रीसाठी डुकराचं मटण कोकमासारख्या फळाच्या काळ्या आंबटात शिजत होतं. मूर्ती ओसरीवर फेऱ्या मारत होते. भिंतीवरच्या दुनळी बंदुकीपाशी ते थांबले.

"ही खरी आहे का हो?"

"नाही, ओले टॉवेल टाकायला ठेवलीय," चोंदम्मा म्हणाली. नियम एकदा मोडला की मोडतच जातो.

पूवण्णा हसला. "अप्पांची आहे. पण चालवायची अव्वाच. पूर्वी नारळ फोडण्यात तिचा हात कुणी धरत नव्हतं."

आमच्याकडे सणाला उंच झाडाच्या शेंड्याला नारळ बांधतात आणि गाव सगळं नेम धरतं. पोरी, सुना, म्हातारे, सगळे. त्यात चोंदम्माचा नेम म्हणजे मग बाकीच्यांनी टाळ्या वाजवायला उभं राहायचं. माचय्याशी बिनसलं तेही याच्यावरूनच. त्या वर्षी पंच माचय्या होता. चोंदम्मानं बार काढला आणि त्याच क्षणी वाऱ्याचा झोत आला. नारळ देठासकट खाली पडला, अखंडच्या अखंड. देठ गोळीनं तुटला असं ती म्हणाली. वाऱ्यानं पडला असं तो म्हणाला, आणि मानाचा नारळ दुसऱ्याला दिला. त्या दिवसापासून चोंदम्मानं बंदूक उचलली नव्हती आणि माचय्याचं नाव घेतलं नव्हतं. तो समोरून आला की ती कॉफीच्या झाडांशी बोलायला लागायची.

"पूर्वी छान नेम होता म्हणता?" मूर्ती कौतुकानं म्हणाले. "वय झालं की डोळे दगा देतात. माझंच बघा ना."

त्यांच्या मनात काही नव्हतं. पण तो 'पूर्वी' आणि ते 'वय' चोंदम्माला झोंबलं. उद्या सकाळी ती या घरातून जाणार होती. जाताना ही माणसं तिला कशी नेणार होती? हात धरून, पायरी सांभाळा म्हणत? तिनं बंदूक खाली काढली.

"पूवण्णा, नारळ बांध."

पूवण्णानं खळ्यापलीकडच्या ओकवर चढून नारळ बांधला. चाळिशीतला, पोट सुटलेला माणूस, पण गडी खूश होऊन चढला. चोंदम्मानं दोन्ही नळ्यांत काडतुसं भरली, तशी सवयच होती. पदर खोचला. पायांत चिखलात घालायचे रबरी बूट होते, ते तसेच. नेम धरला, श्वास रोखला, चाप ओढला.

ओकच्या पानांचा एक झुबका भिरभिरत खाली आला. नारळ जागच्या जागी.

"असू दे, असू दे," मूर्ती प्रेमानं म्हणाले.

ते 'असू दे' पुरतं म्हणून व्हायच्या आत दुसरा बार झाला. नारळाच्या ठिकऱ्या उडाल्या, पाणी उन्हात चमकत खळ्यावर शिंपडलं, ललिताम्मानं कानावरचे हात काढून टाळ्या पिटल्या, सून सुमना मोठ्यानं ओरडली आणि पूवण्णानं झाडाखालूनच आईला सलाम ठोकला. चोंदम्मानं बंदूक भिंतीला टेकवली. चेहरा तिनं मख्ख ठेवला होता, पण आतून ती फुलून गेली होती.

"सुमा, कॉफी टाक गं," ती म्हणाली. "आपल्या खळ्यावरची."

कॉफी झाली, स्टीलच्या पेल्यात आली. चोंदम्मा ओसरीच्या पायरीवर बसून फुंकर मारत होती, तेवढ्यात खालच्या बाजूनं कॉफीच्या झाडांतून काहीतरी धसमुसळ्यासारखं धावत येण्याचा आवाज आला. हत्ती असेल म्हणून ललिताम्मा आत पळाली. पण झाडांतून बाहेर पडला तो माचय्या. अनवाणी. पांढऱ्या सदऱ्याची बटणं खालीवर लावलेली, गुडघ्यापर्यंत ओढ्याचं पाणी. म्हातारा लहान पोरासारखा रडत होता.

"चोंदी! अगं चोंदी, न बोलताच गेलीस की गं..."

आणि पायरीवर कॉफी पीत बसलेली चोंदी त्याला दिसली.

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मग चोंदम्माच्या हातातला पेला कलंडला, कारण आपण काय करून बसलो ते तिला त्या क्षणी कळलं. आमच्याकडे घरात माणूस गेलं की अंगणात बंदुकीचे लागोपाठ दोन बार काढतात. ते ऐकू आले की ज्याच्या हातात जे असेल ते त्यानं टाकायचं, पांढरं नेसायचं आणि त्या घरी जायचं. भांडण असो, वैर असो, त्या वेळी ते मोजायचं नाही. शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. म्हणून सणाला नेम धरतानासुद्धा एक बार झाला की लोक थांबतात, हसतात, बोलतात, मगच दुसरा. चोंदम्मानं स्वतः कितीतरी उतावळ्या पोरांचे कान यावरून उपटले होते. आणि आज तिनंच, एका 'असू दे'पायी, स्वतःच्या मरणाची दवंडी पिटली होती.

"तू..." माचय्यानं डोळे पुसून पुन्हा पाहिलं. "तू जिवंत आहेस?"

"दिसत नाही का?"

"मग मेलं कोण?"

"कुणी नाही मेलं! बस तिथं. पाय पूस."

पण बसायला वेळच मिळाला नाही. वरच्या वाटेनं जीप आली. मागोमाग दुसरी. कुंपणाच्या फटीतून, टेकाडावरून, मोटरसायकलवर तिघं तिघं, माणसं येतच राहिली. सगळी पांढऱ्या कपड्यांत. कुणी लाकडं तोडायला कोयते घेतले होते, कुणी केळीची पानं, कुणी घरातून तांदूळ. जुनी मैत्रीण देच्ची अंघोळ घालायला म्हणून हळदीचा डबा घेऊन आली होती आणि अंगणाच्या तोंडाशीच गळा काढून बसली. तिला दोघींनी धरून उठवलं आणि चोंदम्मा दाखवली, तर ती आणखी मोठ्यानं रडली. कुलपं लावलेल्या घरांतलीही दोन माणसं होती. रविवारची म्हणून आली होती, ती परत जाता जाता रस्त्यातून वळली होती. गेल्या वर्षी मिरीच्या भावावरून जिच्याशी चोंदम्माचं वाजलं होतं, ती बाईसुद्धा होती. खळं भरलं. ओल्या पायांनी लोक वाळत्या कॉफीवरून चालले, आणि चोंदम्मा त्यांना काही बोलली नाही.

तिला काय वाटत होतं ते सांगायचं तर, लाज वाटत होती, जमिनीनं पोटात घ्यावं अशी. आणि त्या लाजेच्या खालून, तिला न विचारता, अभिमान वर येत होता. ही सगळी तिच्यासाठी आली होती. ती काही लाडाची, गोड बोलणारी बाई नव्हती. तिनं यांतल्या एकूणएकाला कधी ना कधी फटकारलं होतं. तरी हातातलं टाकून आली होती. पूवण्णा झाडाखाली उभा होता तिथंच उभा होता. तो माणसांकडे बघत होता, आणि त्याचा चेहरा तिला वाचता येईना.

गावचे मानकरी अय्यण्णा आजोबा काठी टेकत पुढे आले. नव्वदीचे गृहस्थ, त्यांच्यापुढे चोंदम्माही पोरच. त्यांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं, रबरी बुटांपर्यंत.

"बार कुणी काढले?"

"मी," चोंदम्मा म्हणाली.

"दोन का?"

माचय्या अगदी समोर उभा होता. चोंदम्माला बोटावर सुरी मारली असती तरी चाललं असतं, पण हे त्याच्यासमोर सांगायचं?

तेवढ्यात नरसिंहमूर्ती पुढे झाले. भल्या माणसाला परिस्थिती काय आहे ते पुरतं कळलं नव्हतं, पण विहीणबाई अडचणीत आहेत एवढं कळलं होतं. "दुसरा बार माझ्या हातून सुटला," ते म्हणाले. "मी नवखा. माफ करा मला."

कुणीही मान्य केलं असतं. बंगळूरचा पाहुणा, त्याला काय माहीत, हसून सगळे घरी गेले असते. चोंदम्मानं व्याह्यांकडे पाहिलं. तिला ते या दोन दिवसांत पहिल्यांदाच मोठे वाटले. पण स्वतःची चूक दुसऱ्याच्या पदरात टाकून उभी राहील ती चोंदम्मा कसली?

"व्याहीबुवा, तुम्ही बाजूला व्हा," ती म्हणाली. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "पहिला चुकला माझा. चुकला म्हणून रागानं दुसरा काढला. डोळ्यांपुढे नारळ होता, बाकी काही आठवलं नाही. गावाला रडवलं, धावायला लावलं. काय दंड करायचा तो करा."

अंगणात कुणी हसलं नाही. माचय्या मात्र पुढे आला.

"दुसरा लागला?"

"ठिकऱ्या पडल्यात, डोळे असतील तर बघ."

"वारा नव्हता ना?" माचय्या म्हणाला.

आता हसू फुटलं. आधी देच्चीला, मग सगळ्यांना. रडून आलेली माणसं अशी हसायला लागली की त्यांना आवरेना. चोंदम्मालाही आवरलं नाही. इतक्या वर्षांत ती माचय्याच्या तोंडावर पहिल्यांदा हसली.

त्या हसण्यात ललिताम्मा जे बोलू नये ते बोलून गेली. तिच्या मनात कौतुकच होतं. "बरं झालं हो, जाण्याआधी सगळ्यांची भेट झाली. उद्यापासून विहीणबाई आमच्या बंगळूरकर!"

हसणं विझलं.

"उद्यापासून म्हणजे?" देच्चीनं विचारलं.

चोंदम्मानं खाली पाहिलं. पूवण्णा पुढे आला आणि त्यानं सांगून टाकलं. गोठा, पाऊस, शेण, दावं, सगळं. आवाज चढवून नाही, शांतपणे. "ती अर्धा दिवस पडून होती. कुणालाही कळलं नाही. मी तिकडे बसून रोज काय विचार करायचा?"

"आम्हाला सांगितलंसुद्धा नाहीस?" देच्चीचा आवाज चिरकला. "मेलीस असं ऐकून लागलं नाही, तेवढं हे लागलं मला. चोरासारखी जाणार होतीस?"

"काय सांगायचं होतं? पडले म्हणून?" चोंदम्मा उसळली. "म्हातारी झाले म्हणून?"

"त्या दिवशी मी तुझ्या धुराड्याकडे बघितलं होतं," माचय्या मध्येच म्हणाला. सगळे त्याच्याकडे वळले, तसा तो ओशाळला. "धूर होता. म्हटलं, आहे बरी. मला काय माहीत चूल पेटवून तू गोठ्यात पडलीयस?"

"तू माझ्या धुराड्याकडे बघतोस?"

"रोज सकाळी बघतो. बोलणं बंद होतं, डोळे बंद नव्हते."

इतकी वर्षं रोज सकाळी तो पलीकडच्या काठावर उभा राहून तिचा धूर बघत होता, आणि ती त्याला पाठ दाखवून झाडांशी बोलत होती. मग जे वाक्य पोरापुढे, डॉक्टरापुढे, कुणापुढेच निघालं नव्हतं ते तिच्या तोंडून निघालं. सोपं नव्हतं, तिला खांबाला धरावं लागलं.

"माचय्या, मी पुन्हा पडले, आणि हाक मारली, तर येशील?"

"मेलीस म्हणून आलो," म्हातारा चिडून म्हणाला, "पडलीस म्हणून येणार नाही?"

पूवण्णानं तोंड फिरवलं आणि बाहीनं डोळे पुसले. मग तो आईपाशी आला.

"अव्वा, हाक मारशील? खरं सांग. जीव गेला तरी मारणार नाहीस अशी तू."

"मारीन," चोंदम्मा म्हणाली. "सगळ्या गावापुढे चुकले म्हणाले ना? आता हाक मारायला कसली लाज?"

पूवण्णानं मान हलवली. बंगळूरच्या खोलीबद्दल तो त्या दिवशी पुन्हा काही बोलला नाही, नंतरही कधी बोलला नाही.

अय्यण्णा आजोबा मात्र अजून अडून उभे होते. असं गावात कधी झालंच नव्हतं, त्यामुळे काय करायचं ते कुणालाच माहीत नव्हतं. बराच वेळ विचार करून त्यांनी काठी आपटली. "दोन बार झालेत. ते असे वर लटकत ठेवून गावानं घरी जायचं नाही. यांच्यावर एक बार काढा. एकच. म्हणजे फिटलं."

"एक बार तर मूल झाल्याचा," देच्ची म्हणाली. "तोही मुलगा झाला तरच. इथं कोण जन्मलंय?"

"हीच की," आजोबा म्हणाले. "मेली होती, आता आहे."

"हिच्या जन्माला कुणी बार काढला नव्हता," देच्ची म्हणाली. "माझ्याही नाही. आपल्या आयांनी बाळंतपणं केली ती बिनआवाजाचीच."

आजोबांनी दाढी खाजवली. एवढ्या माणसांत ते पहिल्यांदाच गोंधळलेले दिसले. चोंदम्मानं भिंतीकडे, बंदुकीकडे हात केला, पण पूवण्णानं ती आधीच उचलली होती.

"आपल्या जन्माचा बार आपणच काढतं का कुणी?" तो म्हणाला. "तू बस."

त्यानं कित्येक वर्षांत बंदूक धरली नव्हती. काडतूस घालताना त्याचे हात चुकले, देच्चीच्या मुलानं नळी सरळ करून दिली. एकच काडतूस. खळ्याच्या मधोमध उभा राहून त्यानं नळ्या आभाळाकडे केल्या. चोंदम्मा पायरीवर बसली होती, हात मांडीवर, पाठ ताठ. फोटोला बसतात तशी.

बार झाला. टेकाडावरून आवाज परत आला, आणि मग काही नाही. सगळे दुसऱ्याची वाट बघतात तसे क्षणभर थांबले, आणि दुसरा झाला नाही.

"आता कुणी जेवल्याशिवाय हलायचं नाही," चोंदम्मानं डोळे पुसत हुकूम सोडला. "मटण चुलीवर आहे. सुमा, भात टाक, मोठ्या हंड्यात. आणि त्या कॉफीवरून उतरा आधी!"

मूर्ती स्वतः केळीची पानं पुसायला बसले. कुठला धबधबा बघायचा राहिला होता ते त्यांना आठवलंच नाही. तेवढ्यात माचय्याच्या खिशातला फोन वाजला. डोंगरापलीकडचा उत्तय्या. पाय मोडून पडला होता, म्हणून तेवढा एकटा यायचा राहिला होता. आवाज एवढा मोठा, की सगळ्या ओसरीला ऐकू आला.

"काय चाललंय रे तिकडे? आधी दोन झाले, मी इथं रडत बसलोय. आता एक! मुलगा झाला का कुणाला?"

पूवण्णानं माचय्याच्या हातातून फोन घेतला.

"नाही, मामा. मुलगी."

"मुलीसाठी बार? कधीपासून?"

पूवण्णानं पायरीकडे बघितलं. तिथं सत्तर वर्षांची त्याची आई रबरी बूट घालून बसली होती, सगळ्या गावाच्या मधोमध, आणि माचय्याला पंक्तीत कुठं बसायचं ते दटावून सांगत होती.

"आजपासून," तो म्हणाला.